मध्येच बंद पडण्याची सोय

शेफील्डहून एम-१ या महामार्गावर चढून लीड्सकडे निघालं, की तासाभराच्या आत रस्ता दोनदा आपला स्वभाव बदलतो. जंक्शन ३५ए पर्यंत चार लेन, चारही वाहत्या, आणि सगळ्यांत डावीकडच्या लेनला लागून थेट लोखंडी कठडा. ३५ए ते ३९ या टप्प्यात तीन लेन, आणि त्यांच्या डावीकडे एक रिकामी, कोरी पट्टी. हीच ती हार्ड शोल्डर, बंद पडलेली गाडी उभी करायची जागा. वेकफील्डपाशी ३९ आलं की ती पट्टी पुन्हा रहदारीत सामील होते, ती ४२ पर्यंत. रस्ता तोच, नंबर तोच, ताशी ७० मैलांची मर्यादाही तीच. पण मधल्या टप्प्यात खांदे जरा सैल होतात आणि पुढे पुन्हा आखडतात, हे मी स्वतःवरून सांगते. सोबत बसलेल्यांना बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही.

इंग्लंडमध्ये गेली दहा-बारा वर्षं या पट्टीवरून वाद चालू आहे. ज्या रस्त्यांवर ती काढून तिची चालती लेन केली, त्यांना ‘स्मार्ट मोटरवे’ म्हणतात. एका बाजूला माणसं गमावलेली घरं, दुसऱ्या बाजूला आकडेवारी घेऊन बसलेले अभियंते, आणि मध्ये वारा येईल तशी पाठ देणारे मंत्री. आमच्याकडे दिवाळीच्या जेवणानंतर पुरुष मंडळी क्रिकेट सोडून कशावर तावातावाने बोलत असतील, तर यावर. ज्याला त्याला मत असतं, कारण ज्याला त्याला त्याच रस्त्याने कामावर जायचं असतं.

मुळात ही पट्टी आली कशी, हे थोडक्यात सांगते. ब्रिटनचा पहिला मोटरवे म्हणजे १९५८ च्या डिसेंबरात उघडलेला प्रेस्टन बायपास. पुढच्याच वर्षी एम-१ चा पहिला भाग सुरू झाला. तेव्हाच्या गाड्यांना तासन्‌तास एका वेगात पळायची सवय नव्हती. इंजिनं तापायची, टायर फुटायचे, आणि लोक कडेला ओळीने उभे राहायचे. सुरुवातीला त्या कडा मऊ होत्या, जड वाहन उभं केलं की चाकं रुतायची. मग त्या पक्क्या झाल्या. म्हणजे रस्ता बांधणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: यंत्र कधीतरी बंद पडणार, माणूस कधीतरी गांगरणार, आणि त्या वेळी त्याला बाजूला व्हायला जागा लागणार. पुढे पन्नासएक वर्षं कुणी त्यावर चर्चा करण्याची गरज पडली नाही.

गरज पडली ती गर्दीमुळे. बर्मिंगहॅमच्या पूर्वेला, विमानतळ आणि प्रदर्शन केंद्राजवळून जाणारा एम-४२ रोज सकाळ-संध्याकाळ तुंबायचा. रुंद करायचा तर जमीन घ्या, पूल पाडा, पुन्हा बांधा. त्यात वर्षं जाणार आणि पैसाही बेसुमार. त्यापेक्षा आहे त्या डांबरातूनच एक जादा लेन काढली तर? २००६ च्या सप्टेंबरात जंक्शन ३ए ते ७ या साधारण १७ किलोमीटरच्या टप्प्यात हा प्रयोग सुरू झाला.

हा प्रयोग जरा जवळून बघायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण यातूनच निघालं आहे. एम-४२ वर शोल्डर कायमची गेली नव्हती. गर्दी झाली तरच ती उघडायची, एरवी रिकामीच. उघडण्याआधी नियंत्रण कक्षातली माणसं कॅमेऱ्यांवर तो तुकडा बघून घ्यायची: कुणी उभं नाही ना, काही पडलेलं नाही ना. उघडली की वेग ताशी ५० मैलांवर आणायचा. डोक्यावर दर अर्ध्या किलोमीटरला पाट्यांची कमान, आणि कडेला आसऱ्याची जागा, तीही साधारण अर्ध्या किलोमीटरला एक. म्हणजे गाडी कुठेही कुरकुरली तरी आसरा नजरेच्या टप्प्यात. परिणाम चांगला आला. अपघात निम्म्याहून जास्त घटले, गाड्या एका लयीत जाऊ लागल्या, आणि शंका घेणारेही गप्प झाले. मीही असते तर झाले असते. यात नावं ठेवण्यासारखं फार काही नव्हतं.

पण कमानी महाग, कॅमेरे महाग, दर अर्ध्या किलोमीटरला खोदकाम तर त्याहून महाग. म्हणून पुढची आवृत्ती आली ती काटछाट होऊन. २०१४ मध्ये लंडनला वळसा घालणाऱ्या एम-२५ वर नवा प्रकार सुरू झाला. यात शोल्डर गर्दीपुरती उघडायची भानगडच नाही. चोवीस तास, बारा महिने ती लेनच. डोक्यावरच्या कमानी विरळ. वेग नेहमीचा, ७० मैल. आणि आसऱ्याच्या दोन जागांमधलं अंतर? अडीच किलोमीटरपर्यंत चालेल, असं मानकात लिहिलं गेलं.

अडीच किलोमीटर कागदावर फार दिसत नाही. ताशी ७० मैलांच्या वेगाने ते ८० सेकंदांत संपतं. पण इंजिनाने जीव सोडलेली, मागे धूर काढणारी गाडी ते अंतर कापेलच याची खात्री नाही. आणि टायर फुटला असेल, किंवा मागून कुणी ठोकलं असेल, तर कापायचा प्रश्नच येत नाही. जिथे थांबलात तिथे थांबलात, चालत्या लेनमध्ये.

माझा राग इथे आहे. चाचणी झाली एका गोष्टीची आणि रस्ते बांधले दुसऱ्या गोष्टीचे, पण प्रमाणपत्र मात्र पहिलंच दाखवलं गेलं. ‘एम-४२ वर बघा किती सुरक्षित झालं’ हे वाक्य एम-४२ च्या निम्म्या अटी गाळूनही वापरलं जात राहिलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, दुसरं काय. हे मी एकटीच म्हणत नाही. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने २०१६ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच बजावलं होतं: हा प्रकार आधीच्यापेक्षा मुळातच वेगळा आहे, केवळ पैसे वाचतात म्हणून तो पुढे रेटू नका. सरकारने रेटला. रस्ते खात्याचे मंत्री असताना शोल्डरच्या वापराला हिरवा कंदील दाखवणारे माइक पेनिंग यांनीच २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपली दिशाभूल झाली, आसऱ्याच्या जागा इतक्या लांब लांब असतील असं आपल्याला सांगितलंच नव्हतं. मंत्र्याने सही करताना अंतर विचारायला हवं होतं, असं माझं मत. पण निदान नंतर बोलले.

आमचे बाबा सातारा आगारातून एसटीचे चालक म्हणून निवृत्त झाले. खंबाटकी घाट त्यांना आपल्या अंगणासारखा माहीत. ते इकडे आले होते तेव्हाची गोष्ट. गाडीत मी, बाबा आणि मागे माझा मुलगा. इंजिनाच्या तापमानाचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ गाडीची ताकद गेली. नशिबाने पुढेच निळी पाटी होती, नारिंगी रंगात टेलिफोनचं चित्र असलेली. त्या जागेत गाडी कशीबशी घरंगळत आणली.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याच्या कडेला खाच पाडल्यासारखा साधारण १०० मीटर लांबीचा तुकडा, खाली भडक नारिंगी रंग, टोकाला फोनचा खांब. हायवे कोड म्हणजे इथली वाहतूक नियमावली. तिच्याप्रमाणे उतरायचं ते डाव्या दारातूनच. म्हणजे चालकाने गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून शेजारच्या सीटवर जायचं आणि तिथून बाहेर. मग कठडा ओलांडून पलीकडे, जमल्यास उतारावर थोडं वर. कुत्रं असेल तर ते गाडीतच ठेवायचं. बाबा सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांचा त्रास, पण कठडा त्यांनी माझ्या आधी ओलांडला. एसटीची शिडी चढून टपावर सामान बांधून घेण्यात उमर गेलेली.

पलीकडे उभं राहिल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर आजूबाजूला झुडूप शोधलं.

“मागं फांदी लाव की गं. नाहीतर दगड तरी मांडू चार.”

महाराष्ट्रात ज्याने कुणी हायवेने प्रवास केला आहे त्याला हे सांगायला नको. बंद पडलेल्या ट्रकमागे दगडांची ओळ आणि त्यात खोचलेली निरगुडीची नाहीतर बाभळीची फांदी. ट्रक निघून जातो, दगड आठवडाभर तिथेच राहतात आणि दुचाकीवाल्यांचे गुडघे फोडतात, ते वेगळं. पण मागून येणाऱ्याला सावध करायचं, हे चालकाच्या हाडात असतं.

मी म्हटलं, “बाबा, इथं त्याला बंदी आहे. मोटरवेवर साधा लाल त्रिकोणसुद्धा मागं ठेवायचा नाही. ठेवायला जाणाराच उडतो.”

“मग मागच्याला कळायचं कसं?”

“वर बोर्ड लागतो. लाल फुली दिसली की त्या लेनमध्ये यायचं नाही.”

“आन्‌ बोर्ड लावणाऱ्याला कळायचं कसं?”

मी फोनच्या खांबाकडे बोट दाखवलं. आमच्या बाबतीत ते बरोबरच होतं. फोन उचलला, पलीकडच्या माणसाला आम्ही कॅमेऱ्यात दिसत होतो, त्याने शांतपणे सगळं विचारून घेतलं. निघताना पुन्हा फोन करा, म्हणाला, म्हणजे डावी लेन बंद करून तुम्हाला रस्त्यावर घेतो. तासाभराने गाडी ओढून नेणारा आला आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पण आम्ही त्या जागेपर्यंत पोचलो होतो. पोचलो नसतो तर कोणत्या खांबावरून कुणाला फोन केला असता? बाबांचा दुसरा प्रश्न या सगळ्या वादाच्या मुळाशी जाऊन बसतो, आणि तो त्यांना दहा मिनिटांत सुचला.

त्याचं उत्तर यंत्रणेकडे होतं, ते असं. चालत्या लेनमध्ये थांबलेली गाडी शोधायला रडार बसवता येतं. एम-२५ वर काही टप्प्यांत ते बसवलंही होतं. बाकी बहुतेक ठिकाणी नव्हतं. रडार नसेल तर कुणीतरी फोन करेपर्यंत, किंवा शेकडो कॅमेऱ्यांच्या भिंतीसमोर बसलेल्या माणसाची नजर त्या एका चित्रावर पडेपर्यंत वाट बघायची. महामार्ग यंत्रणेच्या स्वतःच्याच २०१६ च्या अहवालात हा वेळ सरासरी १७ मिनिटं दिला होता. आणि तेवढा वेळ थांबायचं ते लॉऱ्या धावत असतात त्या रस्त्यावर.

२०१८ च्या सप्टेंबरात शेफील्डच्या दक्षिणेला, वुडॉल सर्व्हिसेसजवळ, नर्गिस बेगम यांच्या कुटुंबाची गाडी एम-१ वर बंद पडली. त्या ६२ वर्षांच्या होत्या. पती-पत्नी गाडीतून उतरून मदतीची वाट बघत होते. दुसरी गाडी त्या थांबलेल्या गाडीवर आदळली आणि ती गाडी नर्गिस यांच्यावर. गाडी बंद पडल्यापासून धडकेपर्यंत १६ मिनिटांहून जास्त वेळ गेला होता, आणि लेन बंद असल्याची खूण वर उमटायला त्यानंतर आणखी सहा मिनिटं लागली. १७ मिनिटांची सरासरी कशी असते, ते हे.

पुढच्या वर्षी, ७ जून २०१९ ला सकाळी, शेफील्डपाशीच एक किरकोळ घासाघाशी झाली. दोन गाड्या, दोन माणसं: ४४ वर्षांचे जेसन मर्सर आणि २२ वर्षांचे अलेक्झांड्रू मुर्जानू. कुणाला लागलं नव्हतं. डावीकडे जितकं सरकता येईल तितकं सरकून ते एकमेकांचे नाव-पत्ते घेत उभे राहिले. तिथे शोल्डर नव्हती. ते उभे होते ती चालती लेन होती. मागून आलेल्या लॉरीने दोघांनाही चिरडलं. लॉरीचालकाला दहा महिन्यांची कैद झाली. तुरुंगातून चौकशीसमोर बोलताना त्याने लक्ष नसल्याचं मान्य केलं, पण शोल्डर असती तर हे टळलं असतं, असंही तो म्हणाला. स्वतःसाठी सोयीचं बोलला, असं म्हणता येईल. पण २०२१ च्या जानेवारीत मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर डेव्हिड अरपेथ यांनीही शोल्डर नसणं हे या घटनेमागचं एक कारण धरलं, आणि आज आहेत तसे हे रस्ते पुढेही जीव घेऊ शकतात, असं नोंदवलं. जेसन यांच्या पत्नी क्लेअर मर्सर तेव्हापासून ही पट्टी परत आणा म्हणून लढत आहेत. मंत्री बदलले, पक्ष बदलला. बाईंनी मागणी बदलली नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. ते ऐकून न घेता राग धरणं मला पटत नाही, कारण त्यात दम आहे.

सरकारी आकडेवारी सांगते की शोल्डर नसलेल्या या रस्त्यांवर, धावलेल्या मैलांच्या हिशेबात, मृत्यूंचं प्रमाण जुन्या मोटरवेइतकंच आहे, काही वर्षी कमीच. कारण वेगावर नियंत्रण असतं, पाट्या सावध करतात, धावत्या गाड्या एकमेकींवर कमी आदळतात. शिवाय हार्ड शोल्डर म्हणजे काही देवघर नव्हे. इंग्लंडच्या मोटरवेवरच्या दर बारा मृत्यूंपैकी एक त्या ‘सुरक्षित’ पट्टीवरच व्हायचा. डुलकी लागलेला लॉरीचालक डावीकडे कलंडतो आणि तिथे कुणीतरी टायर बदलत बसलेला असतो. लोक उगाचही थांबायचे: मुलाला लघवीला, नकाशा बघायला, फोनवर भांडायला.

याची खातरजमा करायला इंग्लंडला यायची गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची कडेची पट्टी बघा. ट्रकवाल्यांचा विसावा तिथेच, पंक्चरवाल्याची वाट बघणं तिथेच, दरडीचा फोटो काढणंही तिथेच, आणि पहाटेच्या बातम्यांत ‘उभ्या ट्रकला मागून धडक’ हे वाक्य इतकं ठरलेलं की वाचणारा पुढे सरकतो. समृद्धीवरही तेच वाचायला मिळतं. पट्टी असणं आणि ती पट्टी कामापुरतीच वापरली जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या. बाबा तर म्हणतात, एसटी कडेला घेतली की प्रवाशांना आधी खाली उतरवून लांब नेऊन उभं करायचं, गाडी गेली चुलीत.

मग सरासरी चांगली असताना लोक का मानत नाहीत? अभियंते याला भावना म्हणतात. मला ते तेवढंच वाटत नाही. त्याच सरकारी आकड्यांत हेही आहे की थांबलेल्या गाडीवर आदळण्याचा धोका शोल्डर नसलेल्या रस्त्यावर स्पष्टपणे जास्त आहे. म्हणजे एकूण धोका घटला, पण तो सरकला. जो वेगाने, बेफिकिरीने चालवतो त्याच्या वाट्याचा धोका कमी झाला, आणि ज्याचा पट्टा तुटला, टायर फुटला, ज्याला दुसऱ्यानेच ठोकलं, त्याच्या वाट्याचा वाढला. पहिल्याला आपला धोका निदान थोडा हातात ठेवता येतो. दुसऱ्याला काहीच करता येत नाही, तो कठड्याशी अंग चोरून उभा. दोन्ही धोके एका बेरजेत घातले की फरक दिसेनासा होतो. लोकांना तो दिसतो, कारण ते कधी ना कधी दुसऱ्या जागी उभे राहिलेले असतात.

दुरुस्त्या झाल्या, हे नाकारायचं नाही. २०२० च्या मार्चमध्ये तेव्हाचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी आढावा घेऊन १८ उपायांची यादी काढली. आसऱ्याच्या जागा जवळ आणायच्या, रडार सगळीकडे बसवायचं, गर्दीपुरती उघडणारी शोल्डर गोंधळात टाकते म्हणून तो प्रकार बंद करायचा. यात लेस्टरच्या मीरा नारन यांच्या पाठपुराव्याचा वाटा होता. त्यांचा आठ वर्षांचा देव २०१८ च्या मे महिन्यात एम-६ वर गेला. आजोबांची गाडी शोल्डरवर थांबली होती आणि ती शोल्डर त्या वेळी लेन म्हणून उघडी होती. विद्यापीठात शिकवणाऱ्या या बाईंनी रडून न थांबता मंत्र्यांसमोर एकेक तांत्रिक मुद्दा मांडला. गुजराती घर, लेस्टर शहर. आमच्या ओळखीच्या वर्तुळाला लागून असलेलं जग. म्हणून असेल, पण ही बातमी आमच्याकडे टीव्हीवर लागली की आवाज आपोआप वाढवला जायचा.

रडार २०२२ च्या सप्टेंबरअखेर बसवून झालं, आणि त्याच डिसेंबरात नियामकाने सांगितलं की ते ठरलेल्या कसोटीला उतरत नाही. थांबलेल्या गाड्यांपैकी ८० टक्के तरी २० सेकंदांत सापडायला हव्यात, ही ती कसोटी. नंतर सुधारणा झाली म्हणतात. लोकांना शिकवायची जाहिरात आली २०२१ मध्ये: काचेवर चिकटलेले कार्टूनचे किडे गाणं म्हणतात, गाडी बंद पडत असेल तर डावीकडे जा. माझ्या मुलाला ती पाठ होती. रस्ता सुरू २०१४ मध्ये, आणि त्यावर बंद पडलात तर काय करायचं हे सांगणारी जाहिरात सात वर्षांनी. आधी पट्टी काढली, मग डोळे बसवले, मग माणसांना सांगितलं. हा क्रम उलटा असता, तर मी आज हा लेख लिहायला बसले नसते.

शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नवे स्मार्ट मोटरवे बांधणं रद्द केलं. लोकांचा विश्वास नाही आणि खर्च परवडत नाही, अशी दोन कारणं दिली. यादीत १४ योजना होत्या. शेफील्ड-वेकफील्डमधला तो ३५ए ते ३९ चा टप्पा त्यातलाच, म्हणूनच त्याची पट्टी वाचली. गंमत अशी की गर्दीपुरत्या शोल्डरचे जुने रस्ते कायमच्या लेनमध्ये बदलायच्या योजनाही याच यादीत रद्द झाल्या. त्यात खुद्द एम-४२ होता. म्हणजे जो प्रकार गोंधळाचा म्हणून संपवायचा होता, तो रद्द करण्याच्या घोषणेनेच वाचवला. राजकारणात हे चालायचंच.

पण आधीच बांधून झालेल्या रस्त्यांचं काय, याला घोषणेत उत्तर नव्हतं. क्लेअर मर्सर म्हणतात तशी पट्टी परत आणली तर एक लेन कमी होईल, गर्दी आतल्या गावरस्त्यांवर उतरेल, आणि ते रस्ते मोटरवेपेक्षा जास्त जीव घेतात. हा युक्तिवाद सरकार करतं आणि तो खोटा नाही. रात्री रहदारी विरळ झाली की डाव्या लेनवर लाल फुली लावून तिला शोल्डर बनवा, असंही मला वाटायचं. पण ती आज लेन आहे की नाही या गोंधळातूनच माणसं मेली आहेत, त्यामुळे हेही मी आता फार जोराने म्हणत नाही. तसंही अनेक चालक डाव्या लेनमध्ये जातच नाहीत. दुपारी शेफील्डपाशी बघा, तीन लेन भरलेल्या आणि चौथी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, ती जवळजवळ मोकळी. भीतीने तिची परत शोल्डर केली आहे.

मला हवं आहे ते एम-४२ वर दाखवलं होतं तेच. अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर आसरा. २०२५ पर्यंत दीडशेहून जास्त नव्या जागा बांधून झाल्या. त्यासाठी ३९ कोटी पौंड ठेवले होते. म्हणजे एकेक जागा पंचवीस-सव्वीस लाख पौंडांच्या घरात. चालत्या रस्त्यावर लेन बंद करून, रात्री काम करून बांधायचं तर एवढं लागणारच. तेवढी वाढ मला दिसते, नारिंगी तुकडे पूर्वीपेक्षा लवकर लवकर येतात. पण अर्धा किलोमीटर अजून फार लांब आहे.

आणि तेवढे पैसे नसतील तर वेग कमी करा. एम-४२ वर शोल्डर उघडली की मर्यादा ५० मैल असायची, हे सगळे सोयीस्करपणे विसरले आहेत. हायवे कोडच्या तक्त्यात ७० मैलांवरून गाडी थांबायला ९६ मीटर लागतात, ५० वरून ५३. पुढे उभी असलेली गाडी दिसल्यापासून धडकेपर्यंतच्या चार-दोन सेकंदांत हा फरक काय करतो, ते वेगळं सांगायला नको. दहा मैलांमागे साडेतीन मिनिटं जास्त जातील. ती माझ्याकडे आहेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी पुढच्या दिवाळीला जेवायला यावं, या मुद्द्यावर मी भांडायला तयार आहे.